कुशाबा मिस्त्रीचे कान

प्रभादेवीच्या गॅरेजात एखादी गाडी रुसली आणि कुणाला काही उमगेना, की मालक बुधाजी म्हात्रे म्हणायचे, "कुशाबाला बोलवा. त्याला ऐकू द्या."

मग कुशाबा घाडी हात पुसत यायचा, बॉनेटवर वाकायचा आणि डोळे मिटायचा. पानाला चुना लावायला लागतो तेवढाच वेळ. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व सैल आहे म्हणायचा, नाहीतर डायनॅमोचं बुश गेलंय म्हणायचा, आणि उघडून बघितलं की तसंच निघायचं. दादरपासून गिरगावपर्यंतचे गाडीवाले त्याला कानाचा मिस्त्री म्हणत. हे ऐकलं की तो मान खाली घालायचा, पण लालबागेत घरी आल्यावर रखमेला दोनदा सांगायचा.

पंचावन्न सालच्या गणपतीनंतर हे कान जायला लागले.

हातोडा ऐकू यायचा, हॉर्न ऐकू यायचा. बारीक आवाज तेवढे गळत गेले. आधी इंजिनातल्या टॅपेटची टिकटिक गेली. मग घड्याळाची. मग एके दिवशी रखमा भाकऱ्या थापत होती आणि तिच्या बांगड्या हलताना दिसत होत्या, नुसत्याच हलताना. परळच्या एका डॉक्टरने कानात दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "गिरणीत होतात का कधी?" होता. गॅरेजात येण्याआधी सात वर्षं कापडखात्यात, मागांच्या गदारोळात. डॉक्टर म्हणाला, तिथलंच हे दुखणं, आता वर आलंय. गेलेलं परत यायचं नाही, आणि आहे ते टिकेलच असंही नाही.

कुशाबाने हे कुणालाही सांगितलं नाही. मागांवर माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात; ती सवय त्याच्या अंगात होती. समोर उभं राहून कुणी बोललं तर त्याचं निभायचं. आणि इंजिनासाठी त्याने एक युक्ती काढली होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ दातांत धरायची. हादरे दातांतून कवटीत चढायचे. गाडी उभी असली की एवढ्यावर भागायचं. धावत्या गाडीत मात्र तो पुरता आंधळा होता, म्हणजे कानांचा.

नेमक्या अशा वेळी हेमचंद्र धैर्यवान आला.

हेमचंद्र ठाकूरद्वारचा. घरचं बरं, वय बत्तीस, आणि गाड्यांचं वेड. त्याच्याकडे दोन दारांची हिरवी इंग्रजी गाडी होती. फेब्रुवारीत जुहूच्या धावपट्टीवर शर्यत होती, आणि मागच्या वर्षी तो अगदी थोडक्यात हरला होता. त्याने गाडीच्या मागच्या बाजूने एक निळा बाटला उतरवला, कमरेएवढा, अंगाला थंडगार.

"माझा मेहुणा रघुवीर दातांचा डॉक्टर आहे," तो म्हणाला. "दात उपटताना दुखू नये म्हणून हा वायू हुंगवतात. नायट्रस ऑक्साइड. लढाईत इंग्रजांनी हाच विमानांच्या इंजिनांत सोडला होता. माझ्या ओळखीचा एक वैमानिक होता, त्याने सगळं लिहून दिलंय. मिस्त्री, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही."

कुशाबाने ते कागद सीतारामकडून वाचून घेतले. सीताराम जाधव गॅरेजातला दुसरा फिटर, डिलाईल रोडच्या चाळीत राहणारा, कुशाबाच्याच वयाचा. त्याला इंग्रजी वाचता यायचं. वाचता वाचता तोच घाबरला.

गोष्ट अशी होती. हा वायू स्वतः पेटत नाही, पण इंजिनात तापला की फुटतो आणि प्राणवायू मोकळा करतो. प्राणवायू जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येतं, आणि गाडी तीरासारखी सुटते. फक्त वायूच्या मापाने पेट्रोल पोचलं पाहिजे. ते जरा कमी पडलं की आग कोरडी होते, पांढरी होते आणि पिस्टनलाच खाते. तसं होण्याआधी इंजिन एक इशारा देतं. पत्र्याच्या डब्यात कुणी गोट्या हलवाव्यात तसा बारीक, कोरडा आवाज येतो. तो आला की वायू त्याच क्षणी बंद करायचा.

बारीक आवाज. कुशाबाने ते ऐकलं, म्हणजे सीतारामच्या ओठांवर पाहिलं. तरी तो हेमचंद्राला म्हणाला, "होऊन जाईल, साहेब."

नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

काम त्याने जीव ओतून केलं, हेही खरं. बाटला सीटच्या मागे पट्ट्यांनी आवळून उभा केला. तांब्याची नळी पुढे आणली. डाव्या सीटपाशी पितळी तोटी बसवली आणि तिच्या वर दाबाचा काटा. वायूसाठी एक जेट, म्हणजे बारीक भोकाचं पितळी तोंड, आणि जास्तीच्या पेट्रोलसाठी दुसरा. दोन्हींची भोकं त्याने हाताने पाडली, केसाएवढ्या बारीक ड्रिलने, श्वास रोखून. ठिणगीची वेळ थोडी मागे घेतली. आणि कानाची जागा डोळ्यांना दिली. गाडी पूर्ण वेगात न्यायची, तिथेच इंजिन बंद करायचं, गाडी आपोआप थांबू द्यायची आणि प्लग काढून पाहायचे. प्लगचं पांढरं चिनीमातीचं नाक बिस्किटाच्या रंगाचं झालं असेल तर मिश्रण बरोबर. काळं काजळलं तर पेट्रोल जास्त. कोरडं पांढरंफटक पडलं तर पेट्रोल कमी.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सकाळी ते वरळीच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर गेले. हेमचंद्र चाकावर, कुशाबा तोटीवर. सीताराम रस्त्याच्या कडेला घड्याळ घेऊन उभा. पहिल्या दिवशी अगदी लहान जेट. तोटी उघडली आणि कुशाबाची पाठ सीटमध्ये रुतली. हेमचंद्र पोरासारखा ओरडत होता. प्लग काढले तर चारही बिस्किटी. त्या सकाळी कुशाबाला वाटलं, कानावाचून अडत नाही आपलं.

चौथ्या दिवशी वायूचा जेट मोठा केला. गाडी परत आली तेव्हा सीतारामचा चेहरा वेगळा होता. हेमचंद्र समुद्राकडे तोंड करून सिगारेट पेटवत होता. सीतारामने कुशाबाला बाजूला घेतलं.

"कुशाभाऊ, गोट्या वाजल्या. इथून जाताना मी ऐकल्या. तू आत असून तुला नाही ऐकू आल्या?"

"तुझे कान वाजतायत," कुशाबा म्हणाला.

"प्लग बघ मग."

कुशाबाने प्लग काढले. तीन बिस्किटी. चौथ्याच्या पांढऱ्या नाकावर दोन चकचकीत ठिपके, मोहरीच्या दाण्याहून लहान. ॲल्युमिनियमचे. म्हणजे पिस्टनचेच. त्याने तो प्लग अंगठ्याने पुसला आणि म्हणाला, "धूळ आहे."

घरी येईपर्यंत त्याला स्वतःची शिसारी आली होती. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता त्याने पेट्रोलच्या जेटचं भोक वाढवलं. वाढवलं ते बरोबर होतं. किती वाढवायचं हे मात्र तो अंदाजाने ठरवत होता, आणि आपण अंदाजाने ठरवतोय हे फक्त त्यालाच माहीत होतं.

त्या संध्याकाळी तो जेवत होता. रखमा समोर बसली होती. ती म्हणाली, "आमटी खारट झाली काय ओ?"

"नाय, बरी आसा," तो म्हणाला.

"भात आणखी वाढू?"

"वाईच वाढ."

रखमेने भात वाढला आणि डाव तसाच हातात धरून बसून राहिली. तिचे डोळे भरले होते. कुशाबाला कळेना.

"मी आवाज काढूकच नाय," ती म्हणाली. "दोनय वेळा. नुसते ओठ हलयले."

तीही गिरणीतलीच होती, वाइंडिंगच्या, सूत गुंडाळायच्या खात्यातली. तिच्यापासून किती दिवस लपणार होतं?

कुशाबाचा घास तसाच राहिला. मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, दातांतला स्क्रूड्रायव्हर, प्लगवरचे ठिपके. सांगताना आपला आवाज मोठा होतोय की लहान, हेही त्याला कळत नव्हतं. रखमेने दोनदा हाताने खूण केली, हळू.

"त्या धैर्यवानाक सांगा," ती म्हणाली. "तो गाडी हाकतलो. जीव त्याचो जातलो."

"सांगान आणि करू काय? गॅरेजात झाडू मारू? ह्या कानांवर म्हात्र्यांनी माका ठेवल्यानी. कान नाय तर मी कोण, रखमे?"

रखमेने पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ सरकवला. ती एवढंच म्हणाली, "उद्या सांगा. सांगशात मां?" त्याने मान हलवली.

तो उद्या आला नाही. सोळा तारखेला रेडिओवर बातमी आली की मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार, आणि गिरणगाव पेटून उठलं. गिरण्या बंद, दुकानं बंद, रस्त्यांवर दगड, जळके टायर. लालबागेत गोळ्या चालल्या. त्या दुपारी कुशाबा गॅलरीत उभा होता. खाली लोक सैरावैरा का पळतायत ते पाहत होता. एकाएकी रखमेने मागून त्याचा सदरा धरून त्याला आत ओढलं, इतक्या जोरात की दोघंही आपटले. सगळी चाळ जमिनीला चिकटलेली होती. पोरं घागरींच्या मागे, म्हातारे खाटेखाली. एकटा तो कठड्याला टेकून उभा होता. समोरच्या भिंतीतून चुना उडाला होता आणि तो उडाला कशाने, हे त्याला आता समजत होतं.

रखमा त्याला धरून रडत राहिली. त्याला एकच वाटत होतं, लागली असती तर बरं झालं असतं. कान गेले हे न सांगताच सुटलो असतो.

आठवडा गेला. रस्ते जरा मोकळे झाले तशी हेमचंद्राची चिठ्ठी आली. शर्यत टळली नव्हती, आणि हातात थोडे दिवस होते. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तो गाडी घ्यायला आला तेव्हा कुशाबा सांगायच्या तयारीने गेला होता. वाक्य जुळवून ठेवलं होतं. साहेब, एक बोलायचं होतं. पण हेमचंद्र गॅरेजच्या दारातच बुधाजींच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "म्हात्रे, अख्ख्या मुंबईत असा कान नाही." बुधाजी हसले. आणि कुशाबा जाऊन तोटीपाशी बसला.

त्या दिवशी वरळीला पोलिसांची लॉरी उभी होती. ती जाईपर्यंत ते थांबले. तास झाला, वर झाला. ऊन चढलं. हिरव्या गाडीचा पत्रा तापला आणि सीटमागचा बाटलाही. कुशाबाचा हात एकदा त्याला लागला तेव्हा तो चांगला कोमट होता. बाटला तापला की आतला वायू जास्त जोराने येणार, आणि पेट्रोल मात्र तेवढंच राहणार, हे कागदात लिहिलेलं होतं. सीतारामने दोनदा वाचून दाखवलं होतं. कुशाबाला ते आठवलंसुद्धा. पण लॉरी निघाली, हेमचंद्राने गाडी सुरू केली, आणि आता थांबा म्हटलं तर का म्हणून विचारलं जाणार होतं.

सीताराम लांब, कोळीवाड्याच्या बाजूला उभा होता. गाडीने वेग घेतला. हेमचंद्राने मान हलवली, कुशाबाने तोटी उघडली. काटा नेहमीपेक्षा वर गेला. कुशाबा त्या काट्याकडेच बघत राहिला. डोळे हेच आता त्याचं सगळं होतं आणि ते त्याने काट्यावर खिळवले होते. शेजारी हेमचंद्र ओरडत होता. पहिल्यांदा ओरडला, दुसऱ्यांदा ओरडला. चाक सोडून पलीकडच्या तोटीपर्यंत हात नेणं शक्य नव्हतं, आणि पाय उचलला तरी वायू येतच राहणार होता. "बंद करा! मिस्त्री, बंद करा!" तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा कुशाबाने मान वळवली, ती काही ऐकू आलं म्हणून नाही, गाडीचा हादरा बदलला म्हणून. हेमचंद्राचे ओठ त्याला दिसले. त्याने तोटी पिळली. तोवर पिस्टन गेला होता.

बॉनेटमधून निळसर धूर आला. तापलेलं तेल खाली सांडलं, मागची चाकं त्यावरून सरकली. गाडी आडवी झाली आणि समुद्राच्या कठड्यावर उजव्या अंगाने आदळली.

कुशाबाच्या कपाळातून रक्त येत होतं, बाकी तो धड होता. हेमचंद्राचा पाय खाली चेपला गेला होता आणि पायावर तेल उडालं होतं. सीताराम धावत येत होता. त्याच्याही आधी कोळीवाड्यातली माणसं आली. जाईबाई नावाची एक थोराड कोळीण पुढे होती. तिने एका नजरेत सगळं ओळखलं, दोघा गड्यांना पहार आणायला पिटाळलं आणि बोंबील वाळवायच्या जागची एक फळी उचलून आणवली. दार उचकटून त्यांनी हेमचंद्राला फळीवर घेतलं. तो शुद्धीवर होता, चेहरा पांढरा पडला होता. कुशाबा त्याच्या डोक्यापाशी चालत होता. हेमचंद्राने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं. आवाज होता की नव्हता कोण जाणे, ओठ स्पष्ट दिसले.

"मी तीनदा ओरडलो. ऐकू नाही आलं?"

"नाही आलं," कुशाबा म्हणाला. "चार-पाच महिने झाले, साहेब. मला ऐकू येत नाही."

ते तो इतक्या मोठ्याने बोलला की फळी धरलेले गडीही थबकले. सीताराम तिथेच उभा राहिला. जाईबाईने सगळ्यांना पुढे ढकललं, "चला, चला, मग बोला."

इस्पितळात हेमचंद्राच्या घरच्यांनी कुशाबाला आत सोडलं नाही. तो दोन दिवस फाटकाबाहेर बसून होता. तिसऱ्या दिवशी हेमचंद्राचा मेहुणा रघुवीर बाहेर आला आणि म्हणाला, "बोलावलंय." हेमचंद्राचा गुडघा कायमचा आखडणार होता. पायाला पांढरं गुंडाळलेलं होतं. कुशाबा खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. त्याने हात जोडले.

हेमचंद्र मुद्दाम त्याच्याकडे तोंड करून, सावकाश बोलला.

"गाडीचं मला काही नाही. पायाचंही बघेन मी. पण मिस्त्री, तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी तोटी माझ्या बाजूला लावून घेतली असती. एवढंच करायला हवं होतं. आणखी हातभर नळी."

कुशाबाने खाटेची दांडी धरली. इतके दिवस त्याने ज्याला डोंगर समजलं होतं ते हातभर नळीचं काम होतं. तो रात्रंदिवस स्वतःशी भांडला होता, बायकोला शब्द देऊन फिरला होता, एका माणसाचा जीव पणाला लावला होता, आणि हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

"माफ केलं असं मी म्हणणार नाही," हेमचंद्र म्हणाला. "खोटं होईल ते. पोलिसांना मीच सांगितलंय की चाक माझ्या हातात होतं. आता जा तुम्ही."

त्यानंतर ते दोघे कधी भेटले नाहीत. हिरवी गाडी हेमचंद्राच्या घरच्यांनी परत नेली नाही, ती गॅरेजच्या मागे पडून राहिली. बाटला कुशाबाने स्वतः हातगाडीवर घालून ठाकूरद्वारला रघुवीरच्या दवाखान्यात पोचवला. इंजिनही त्यानेच उघडलं. चौथ्या पिस्टनच्या डोक्यात आवळ्याएवढं भोक होतं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. तो पिस्टन हातात घेऊन तो बुधाजींसमोर गेला आणि पहिल्यापासून सगळं बोलला. प्लग पुसल्याचंसुद्धा. बुधाजी भडकले, नको ते बोलले, कुशाबाने ओठांवरून सगळं वाचलं. शेवटी ते म्हणाले, "उद्यापासून गाडीला हात लावायचा नाही. मागे लेथवर बस."

तो लेथवर बसला. जवळजवळ अडीच महिने सीताराम त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. कानांपेक्षा त्याला त्या "धूळ आहे"चा राग होता. कुशाबाने मनधरणी केली नाही. घरी तो भिंतीकडे तोंड करून पडायचा, म्हणजे रखमेलाही त्याच्याशी बोलता येऊ नये. ती यायची आणि भिंत आणि तो यांच्यामध्ये बसायची. एकदा म्हणाली, "माका तरी वाळीत टाकू नका." तेव्हापासून तो कूस बदलून झोपायला लागला. त्यापलीकडे फारसं काही सुधारलं नाही.

पाडवा होऊन गेल्यावर एका टॅक्सीने सगळ्यांना नाचवलं. सीतारामने दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी तो मागे आला, लेथ बंद केला आणि कुशाबाच्या समोर उभा राहिला.

"जात्यात खडा आल्यासारखं वाजतंय," तो म्हणाला. चेहऱ्यावर राग तसाच होता.

कुशाबाने वर पाहिलं. "सारखं, की राहून राहून?"

"राहून राहून. चढाला जास्त."

"आणि क्लच दाबला की?"

सीतारामने आठवून पाहिलं. "जातं."

"मग इंजिनात नाही. गिअरबॉक्सचं बेअरिंग बघ."

सीताराम गेला. बेअरिंग होतं का आणखी काही, हे सांगायला तो त्या दिवशी परत आला नाही. कुशाबाने लेथ सुरू केला. हाताखाली तो थरथरायला लागला, तेव्हा चालू झाला हे त्याला कळलं. मधूनमधून तो मान वर करून बाहेरच्या टॅक्सीकडे, तिच्याखालून बाहेर आलेल्या सीतारामच्या पायांकडे पाहत होता.